शेवाळाची साक्ष

धुराड्यातून काळा धूर निघाला की गाव ओरडते. धूर दिसेनासा झाला की सारे निश्चिंत होतात. शिसे, कॅडमियम, अर्सेनिक यांचे सूक्ष्म कण मात्र डोळ्यांना न दिसता हवेतून येतात. कॅडमियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साठते; शिसे मुलांच्या बुद्धीवरच घाला घालते. या अदृश्य शत्रूची वर्दी द्यायची कोणी?

अमेरिकेतील पोर्टलँड शहरात ती झाडांच्या खोडांवरील मखमली शेवाळाने दिली. या शेवाळाला, म्हणजे मॉसला, खरी मुळे नसतात. हवा आणि पाऊस यांतून ते पोषण घेते व सोबत आलेले धातू अंगात साठवते. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील वनसेवेच्या संशोधकांनी शहरभरातून ३४६ नमुने गोळा केले. नकाशावर कॅडमियमचे डाग उमटले, ते रंगीत काच बनविणाऱ्या दोन कारखान्यांभोवती. २०१५ मध्ये त्यांपैकी एकाजवळ यंत्राने हवा तपासली, तेव्हा कॅडमियम राज्याच्या आरोग्यविषयक मर्यादेच्या ४९ पट निघाले. कारखाना परवान्याच्या अटींत राहूनच चालत होता! २०१६ मध्ये हे उघड होताच कॅडमियमचा वापर थांबला आणि २०१८ मध्ये राज्याने कायदाच कडक केला.

भारतासाठी यात मोठा बोध आहे. २००९ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय हवा मानकांतील १२ प्रदूषकांत शिसे, अर्सेनिक व निकेल आहेत, कॅडमियम नाही. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूर, तारापूर, डोंबिवली ही क्षेत्रे अतिप्रदूषित ठरविली होती. जे मोजायचेच नाही, ते सापडणार कसे?

शेवाळ हा अंतिम पुरावा नव्हे. हवेतील नेमके प्रमाण यंत्रच सांगू शकते. पण महागडे यंत्र कोठे बसवायचे, हे शेवाळ सांगते. कोरड्या प्रदेशात ते उगवत नसेल, तर स्वच्छ मॉस जाळीच्या पिशव्यांत भरून टांगण्याची पद्धत जगभर रूढ आहे. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग हे काम सहज करू शकतील. धातूंच्या तपासणीचा खर्च शासनाने उचलावा आणि निष्कर्ष गावाच्या चावडीवर लावावेत.

उद्योग हवेतच, त्यांच्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. पण त्याच घरांतील लेकरांच्या श्वासाचा हिशेब ठेवणे, हेही राष्ट्रकार्यच आहे. शेवाळ साक्ष देईल. ती ऐकण्याची सिद्धता समाजाने आणि शासनाने दाखवायला हवी.