पाणी बाटते कशाने?

वर्धा जिल्ह्यात पारा ४५ च्या वर गेला की पोरे पाण्याकडे धावतात. ज्याच्या बापाला फी परवडते त्याचे पोर जलतरण तलावात जाते. बाकीची पोरे धाम, वणा, बोर नदीच्या डोहात, कॅनॉलमध्ये नाहीतर गावतलावात म्हशींच्या शेजारी डुंबतात. अशा वेळी आशाताई सांगते, "जुलाब लागलेल्या लेकराला पाण्यात सोडू नका." आमच्या वस्तीत लगेच कोणीतरी फणकारते, "म्हणजे आमच्यानं पाणी बाटते म्हणता काय?"

हा फणकारा उगाच आलेला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे नगरपालिकेचे होते, तिथे गुरेढोरे पाणी पीत, पण आमची ओंजळ लागताच ते 'बाटले'. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. आज कुठल्याही प्रयोगशाळेला विचारा, त्या तळ्यात जंतू कोणी सोडले? ओंजळभर पाणी पिणाऱ्यांनी की शेणामुताच्या घागरी ओतणाऱ्यांनी? त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला मार्च १९३७ उजाडला.

पण याच इतिहासाचा दाखला देऊन आशाताईला झिडकारणे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात नेमका भेद सांगितला आहे. इतर प्राचीन समाजांतही विटाळ होता, पण तो प्रसंगापुरता असे आणि ठरलेला विधी झाला की संपे. अस्पृश्यता जन्माने चिकटते आणि मरेपर्यंत सुटत नाही. जुलाबाचा नियम जन्म पाहत नाही. तो पाटलाच्या पोराला लागू, आमच्या पोरालाही लागू, आणि बरे वाटल्यावर संपणारा. त्याला अपमान समजणे म्हणजे मनूच्याच चष्म्यातून विज्ञानाकडे पाहणे.

आता विज्ञान काय म्हणते ते बघा. जुलाब झालेल्या माणसाच्या अंगाला लागलेली विष्ठा, दिसणार नाही इतकी थोडी असली, तरी पाण्यात उतरते. शेजारचा पोहताना एक घोट गिळतो आणि आजारी पडतो. क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर ई-कोलायसारखे जंतू मिनिटभरात मरतात. कावीळ 'अ' चा विषाणू पंधरा-सोळा मिनिटे घेतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र त्याच पाण्यात आठवडाभराहून जास्त तग धरतो. त्यामुळे त्याचा जुलाब झालेल्याने बरे झाल्यावरही दोन आठवडे पाण्यापासून दूर राहायचे असते. फी भरली म्हणून तलावाचे पाणी निर्धोक होत नाही. तिथला डोळे चुरचुरवणारा उग्र वास हा पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास येतो. म्हणून उतरण्याआधी साबणाने अंघोळ करायची आणि पाण्यात लघवी करायची नाही.

डोहात आणि कॅनॉलमध्ये तर क्लोरीनच नाही. तिथे सावधगिरी हेच औषध. पाणी गिळायचे नाही. जोराचा पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस उतरायचे नाही, कारण गावाची सगळी घाण वाहून तिथेच येते. पायाला जखम असेल तर म्हशींच्या डबक्यात जाऊ नये, जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शिरतो.

हे जमते का, असे विचारणाऱ्यांनी नारू आठवावा. रोग्याच्या पायाच्या फोडातून नारूच्या अळ्या पायविहिरीत उतरत आणि तेच पाणी गाव पिई. लस नव्हती, जंत मारणारे औषध नव्हते. रोग्याला पाण्यात उतरू न देणे, पाणी गाळून पिणे, पायविहिरी बदलणे एवढ्यावर तो रोग देशातून गेला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मधला आणि जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र फेब्रुवारी २००० मधले. तिथे रोग्याचा फोड पाहिला गेला, आडनाव नाही.

उलट धोकाही आहे आणि तो आम्ही विसरत नाही. आरोग्याचे नाव पुढे करून उद्या कोणी 'वस्तीतल्या पोरांना तलाव बंद' म्हणेल. अमेरिकेत सेंट ऑगस्टीन गावी १८ जून १९६४ ला काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र पोहायला उतरले, तेव्हा मॉटेलच्या मालकाने त्या पाण्यात ॲसिड ओतले. त्या पाण्याला कोणता रोग झाला होता?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने पोहण्याच्या प्रत्येक घाटावर नियमांचा फलक लावावा, त्यात फक्त लक्षणे असावीत: जुलाब, उघडी जखम, आलेले डोळे. शेजारी संडास आणि अंघोळीला नळ हवा, कारण 'आधी अंघोळ करा' हे ज्याच्या घरी चार दिवसांआड नळ येतो त्याला सांगून काय उपयोग? जलतरण तलावाने क्लोरीनची रोजची नोंद दारावर लिहावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्हा परिषद शाळांच्या पोरांना तिथे मोफत शिकवावे. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, अर्जाची पोच घ्या आणि आशाताईला सोबत घेऊन जा.

जय भीम!