उत्तर आधी सांगू नका

वाशीम जिल्ह्यातील जऊळका असो की मुंबई, हे कोडे सोडवायला चार खडे पुरतात. एक खडा शेतकरी, दुसरा वाघ, तिसरा शेळी आणि चौथा गवताचा भारा. शेतकऱ्याला हे सारे नदीपार न्यायचे आहे. नावेत त्याच्यासोबत एकच मावते. तो जवळ नसला, तर वाघ शेळीला खाईल आणि शेळी गवत खाईल. ११०० वर्षांहून जुन्या लॅटिन हस्तलिखितात हेच कोडे लांडगा, शेळी आणि कोबी यांचे आहे.

आधी शेळी न्यावी, हे लगेच कळते. नंतर वाघ न्या की गवत, पलीकडे घोटाळा होतोच. इथे पुष्कळ मुले उत्तर विचारतात आणि मोठी माणसे ते सांगून टाकतात. माझ्या मते ते सांगू नये. फक्त विचारावे, "नेलेली वस्तू परत आणू नये, अशी अट कोठे आहे?"

पाठ केलेले उत्तर एकाच कोड्याला पुरते. 'ही अट खरी, की मीच धरून चाललो?' हा प्रश्न जन्मभर उपयोगी पडतो. म्हणून येथेही उत्तर दिलेले नाही. नदी ७ वेळा ओलांडावी लागते. खडे मांडा आणि करून पाहा.