आधी दिवा बघा, मग फ्लॅश मारा

मुंजीतलं मातृभोजन पुन्हा होत नाही. आई आणि बटू एका ताटात जेवतात, भोवतीच्या मावश्या-काकू पदराने डोळे टिपतात, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक फोटो मी काढला होता. फोकस नेमका होता, फ्लॅश वेळेवर उडाला होता, तरी फोटो वाया गेला. कार्यालयात पिवळे बल्ब होते आणि माझा फ्लॅश पांढरा. मायलेकांचे चेहरे निळसर, राखेसारखे. मागची भिंत आणि बसलेली मंडळी मात्र शेंदरी. कॉम्प्युटरवर सुधारायला बसलो. भिंत पांढरी केली की चेहरे आणखी निळे पडत. चेहरे सुधारले की भिंत विटेसारखी लाल होई.

तेव्हा कळलं, ते आजही नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच लावता येतो. फोटोत दोन रंगांचे प्रकाश मिसळले, तर एक सुधारताना दुसरा बिघडतो. म्हणून हे काम फोटो काढण्याआधीच करायला हवं. फ्लॅशचा प्रकाश हॉलमधल्या दिव्यांच्या रंगाचा करायचा आणि मग कॅमेऱ्याला दोन्हींसाठी मिळून एकच सेटिंग द्यायचं. फ्लॅशचा रंग बदलणारी पट्टी म्हणजे जेल.

आकाशकंदिलाला लावतो तो जिलेटीन कागद यासाठी वापरू नका. त्याचा नारिंगी रंग डोळ्याला छान वाटतो, पण तो प्रकाशात नेमका किती फरक करतो याचं मोजमाप नसतं. रंगसुधारणेच्या जेलचं मोजमाप ठरलेलं असतं. रॉस्को आणि ली या कंपन्यांच्या जेलना क्रमांक असतात, आणि कोणत्या क्रमांकाने प्रकाश किती बदलतो हे त्या छापतात. नाटकाच्या आणि शूटिंगच्या लाइटचं सामान मिळतं तिथे ही जेल मिळतात. रॉस्कोची एक शीट २० बाय २४ इंचांची असते. फ्लॅशच्या तोंडाएवढ्या पट्ट्या कापल्या तर चार मित्रांत वाटूनही उरतात.

आता निवड कशी करायची ते बघू.

कार्यालयात गेल्यावर आधी फ्लॅश बंद ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, सूर्याच्या चिन्हावर ठेवा. पांढरा कागद किंवा स्वच्छ पांढरा रुमाल जिथे विधी होणार तिथे धरा आणि त्याचा फोटो काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून या फोटोसाठी शटर १/५० ठेवा. आता स्क्रीनवर बघा. रुमाल नारिंगी दिसला तर नारिंगी जेल लावायचं. त्याला सीटीओ म्हणतात. रुमाल हिरवट दिसला तर हिरवं, म्हणजे प्लस ग्रीन. पांढरा किंवा किंचित निळसर दिसला तर काहीच लावू नका. हल्ली कित्येक हॉलमध्ये ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) पांढऱ्या एलईडी ट्यूब असतात. तिथे सवयीने नारिंगी जेल लावणं ही उलटी चूक आहे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो, जमलं तर तोही बघून घ्या.

रुमाल नारिंगी दिसला तर पूर्ण, अर्धं की पाव सीटीओ? इथे थोडं गणित लागतं, पण ते मोबाइलवर होतं. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा. केल्विनची नुसती वजाबाकी इथे उपयोगाची नाही. १० लाखांना केल्विनने भागायचं, येतो तो आकडा म्हणजे मायर्ड. फ्लॅशचा आकडा १८२. घरगुती पिवळा बल्ब २८०० केल्विनच्या आसपास, म्हणजे ३५७. फरक १७५ चा. लीचं २०४ क्रमांकाचं पूर्ण सीटीओ १५९ ने फरक करतं, तेव्हा इथे तेच जवळचं. ३००० केल्विनच्या वॉर्म एलईडीसाठीही तेच. व्हिडिओवाल्याचा हॅलोजन ३२०० चा. तिथे फरक १३१ चा, म्हणजे पूर्ण आणि अर्ध्याच्या मधला. अर्धं सीटीओ, क्रमांक २०५, १०९ ने बदल करतं. ४००० केल्विनच्या दिव्यांना पाव सीटीओ पुरतं; क्रमांक २०६, फरक ६४ चा.

जेल लावल्यावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही बदलायचा, हे पुष्कळ जण विसरतात. पिवळे दिवे असतील तर बल्बचं चिन्ह निवडा, किंवा केल्विनचा आकडा हाताने द्या. जेल लावलं आणि कॅमेरा सूर्याच्या चिन्हावरच राहिला, तर सगळं लग्न हळद लागल्यासारखं दिसेल.

मात्र आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे असं नाही. घरच्या पूजेत पिवळ्या दिव्यांखाली मी बहुधा अर्धंच सीटीओ लावतो. चेहरे स्वच्छ येतात आणि मागच्या खोलीत दिव्यांची ऊब राहते. समईच्या ज्योतीला तर सुधारायलाच जाऊ नये. ती १९०० केल्विनच्या आसपास असते, आणि ती पिवळीच दिसायला हवी. डोळ्याला जे घर दिसलं, ते फोटोत ओळखू यावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश हिरवट येतो, कारण ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेतून हिरवा रंग जास्त बाहेर पडतो. शाळेचे वर्ग, जुनी सभागृहं इथे हे हमखास भेटतं. फ्लॅशवर प्लस ग्रीन लावा आणि कॅमेऱ्यात ट्यूबचं चिन्ह निवडा. खोलीत खिडकीचा उजेड भरपूर असेल आणि कोपऱ्यात एखादाच पिवळा बल्ब असेल, तर जेल शोधत बसू नका. यजमानांना सांगून बल्ब बंद करा.

जिथे जेल चालत नाही, ती जागाही ओळखा. स्टेजवरच्या जांभळ्या-निळ्या एलईडीत बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्याच्याशी जुळवण्यात अर्थ नाही. तिथे चेहऱ्यावर साधा फ्लॅश येऊ द्या आणि रंग मागे राहू द्या. फ्लॅश वर वळवून बाउन्स करत असाल, तर आधी मान वर करून छत बघा. मांडवाचं कापड लाल किंवा केशरी असेल, तर त्यावर आपटून येणारा उजेड लाल किंवा केशरीच होऊन येतो. अशा वेळी सहकाऱ्याला पांढरा थर्माकोल धरायला सांगा आणि त्यावर फ्लॅश मारा.

वापरातल्या दोन-चार गोष्टी. पूर्ण सीटीओ साधारण पाऊण स्टॉप प्रकाश खातं, अर्धं अर्धा स्टॉप. टीटीएलवर, म्हणजे कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो तेव्हा, फ्लॅश ते आपोआप भरून काढतो, मॅन्युअलवर तुम्हाला वाढवावं लागतं. पट्टी लावताना काच आणि जेल यांच्यात थोडी फट ठेवा. पूर्ण ताकदीने लागोपाठ फ्लॅश मारले की पट्टी तापते, सुरकुतते, कधी काचेला चिकटते. रंग उडालेली पट्टी टाकून द्या. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात मार्करने क्रमांक लिहा, कारण अंधाऱ्या हॉलमध्ये अर्धं आणि पाव सारखंच दिसतं. व्हिजिटिंग कार्डांच्या वहीत पूर्ण, अर्धं, पाव सीटीओ आणि एक प्लस ग्रीन, एवढ्यावर बहुतेक कार्यं निभावतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पांढऱ्याफटक फ्लॅशखाली चेहरा उजळ दिसतो, म्हणून पुष्कळ फोटोग्राफर तो तसाच ठेवतात. सावळ्या चेहऱ्याची त्यात सगळ्यात जास्त हानी होते. त्याची तकाकी जाऊन तो मातकट दिसतो. लोक आपल्याला त्यांच्या माणसांचे चेहरे जपायला बोलावतात. त्यांचा रंग आहे तसा उतरवणं हे आपलं काम आहे.

त्या मुंजीचा फोटो शेवटी मी ब्लॅक अँड व्हाइट करून दिला. घरच्यांनी तो आनंदाने भिंतीवर लावला. पण त्या दिवशी बटूच्या आईने नेसलेली गर्द जांभळी पैठणी त्यात नाही, आणि आता ती कधीच येणार नाही. पुढच्या कार्याला अर्धा तास आधी पोहोचा, आणि पहिला फोटो पांढऱ्या रुमालाचा काढा.