सुधारणेचें मोल कोणीं द्यावें?

सुधारणा हा शब्द कानीं पडतांच मनुष्यास आनंद होतो, व तो होणें स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक सुधारणेला मोल पडतें, आणि तें बहुधा सुधारणा करणाऱ्याच्या पदरचें जात नाहीं, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. सॉफ्टवेअरच्या, म्हणजे संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञावलींच्या, ज्या नव्या नव्या आवृत्त्या वरचेवर निघतात, त्यांच्या संबंधानें हा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा असें वाटतें. कारण आज जळगांव-धुळ्याकडील कित्येक दुकानदार, बागाईतदार व शाळा संकेतस्थळें बाळगून आहेत. आणि तीं बांधून देणारे पुष्कळसे तरुण कालपरवांपर्यंत अशाच शाळांच्या बाकांवर बसलेले होते.

ही अडचण समजण्यास खानदेशांतील माणसाला आगगाडीचा दाखला पुरेसा आहे. चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारा फांटा मुख्य लोहमार्गाच्याच रुंद मापाचा, म्हणजे ५ फूट ६ इंचांचा आहे; त्यामुळें धुळ्याचा डबा मुंबईच्या मार्गावर जसाच्या तसा जाऊं शकतो. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी गाडी २०२० सालीं बंद पडेपर्यंत २ फूट ६ इंचांच्या अरुंद रुळांवर धांवत असे. मुंबईस जाणाऱ्या जामनेरच्या उतारूला पाचोऱ्यास गाडी बदलावीच लागे, व माल असल्यास तो एका डब्यांतून दुसऱ्यांत टाकावा लागे. दोष इंजिनाचा नव्हता व डब्याचाही नव्हता. दोन मापें एकमेकांस ओळखत नव्हतीं, एवढेंच. हमाली मात्र पडे ती माल पाठविणाऱ्याच्या माथीं. जुन्या आवृत्तीसाठीं लिहिलेलें काम नवी आवृत्ती जेव्हां चालवीत नाहीं, तेव्हां एका रात्रींत रुळांचें माप बदलल्यासारखें होतें.

आपल्या मराठी भाषेनें ही हमाली भरपूर दिली आहे. संगणकावर मराठी छापण्याची सोय प्रथम निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांनीं झाली. श्रीलिपि, आकृति हीं नांवें छापखान्यांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. इंग्रजी अक्षरांसाठीं जे क्रमांक ठरलेले, त्यांच्याच जागीं प्रत्येक कंपनीनें मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीनें बसविले. परिणामीं एका टंकांतील मजकूर दुसऱ्या टंकांत उघडला असतां निरर्थक चिन्हांची रांग दिसे. २००० सालाच्या सुमारास निघालेलीं अनेक मराठी संकेतस्थळें याच पायावर उभीं होतीं. वाचकानें आधीं टंक उतरवून घ्यावा व मग वाचावें, अशी सूचना पानाच्या माथ्यावर असे. वस्तुतः देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारें युनिकोड हें प्रमाण १९९१ सालींच प्रसिद्ध झालें होतें, व विंडोज २००० पासून तें सामान्य संगणकांतही येऊं लागलें. पुढें सर्व व्यवहार त्याकडे वळला, तेव्हां ज्यांच्यापाशीं पैसा व चिकाटी होती त्यांनीं जुना मजकूर नव्या प्रमाणांत आणून एकेक जोडाक्षर तपासलें. इतरांचीं पानें तशींच राहिलीं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत मोडी कागदपत्रें आहेत. वाचणारा नसेल तर तीं डोळ्यांपुढें असूनही मुकींच. परंतु मोडी विसरण्यास आपणांस पिढ्या लागल्या, आणि हीं पानें मात्र दहापंधरा वर्षांतच मुकीं झालीं.

संकेतस्थळांच्या आंतील यंत्रणेचीही हीच कथा आहे. असंख्य लहान संकेतस्थळें पीएचपी नांवाच्या संगणकी भाषेंत लिहिलेलीं असतात. तिची सातवी आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्यें निघाली, व माहितीच्या कोठाराशीं बोलण्याच्या ज्या जुन्या आज्ञा सर्रास वापरांत होत्या, त्या तींतून काढून टाकण्यांत आल्या. त्यांवर चालणारीं पानें नव्या आवृत्तींत उघडेनात. हलत्या चित्रांसाठीं वापरलें जाणारें फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजीं कायमचें बंद करण्यांत आलें, आणि त्यांत बांधलेले धडे, खेळ व जाहिराती त्याबरोबर गेल्या.

आतां समजा, जळगांवच्या एका बियाणें विकणाऱ्या दुकानदारानें धुळ्याच्या एका तरुणाकडून संकेतस्थळ बांधून घेतलें व ठरलेला पैसा चुकता केला. तीन वर्षांनीं, ऐन पेरणीच्या तोंडावर, तें एकाएकीं बंद पडलें. दुकानदार म्हणतो, "भाऊ, पैसे घेतलेस, पण काम टिकाऊ केलें नाहींस." तरुण म्हणतो, "शेठजी, मीं केलें तें बरोबरच होतें. खालची जमीनच बदलली." दोघेही खरें बोलतात. तरुणानें फुकट दुरुस्ती केली तर त्याची आठवड्याची कमाई बुडते. पैसे मागितले तर विश्वास जातो. ज्यानें बदल केला, तो तिसरा पक्ष या भांडणांत कोठेंच नसतो. पैशाच्या हानीपेक्षां एकमेकांच्या प्रामाणिकपणाविषयीं उत्पन्न होणारा हा संशय अधिक वाईट होय.

मग सुधारणा थांबवाव्या काय? मुळींच नाहीं. जुन्या आज्ञांतून व फ्लॅशच्या दोषांतून चोरांना घरांत शिरण्यास वाट मिळत होती. ती बुजविणें अवश्यच होतें. पीएचपीच्या कर्त्यांनीं तर २०१३ सालींच तशी सूचना दिली होती. परंतु ती दुकानदाराच्या कानांपर्यंत पोहोंचली नाहीं. बदल कसा करावा याचा उत्तम धडा आपल्याच देशानें घालून दिला आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आण्यांऐवजीं शंभर नये पैसे झाले. पण रुपया तोच राहिला, पावलीचे बरोबर २५ व अधेलीचे बरोबर ५० नये पैसे मिळत, आणि जुनीं नाणींही कांहीं काळ नव्यांबरोबर चालत राहिलीं. युनिकोडनेंही आधींच्या भारतीय प्रमाणांतील देवनागरीचा क्रम बहुतांशीं राखला, आणि एकदां दिलेला अक्षराचा क्रमांक पुढें हलवावयाचा नाहीं असा नियम स्वतःस घालून घेतला. तात्पर्य, नव्यानें जुन्यास ओळखावें हें अशक्य नाहीं. त्यासाठीं करणाऱ्याची इच्छा मात्र पाहिजे.

ती इच्छा सर्वांस होईपर्यंत आपण आपलें कर्तव्य करावें. पालकांपैकीं जे संकेतस्थळ बांधून घेतील, त्यांनीं तें दगडी देवालय समजूं नये. तें आपल्याकडील धाब्याच्या घरासारखें आहे, पावसाळ्यापूर्वीं वर माती टाकली नाहीं तर तें गळणारच. त्या देखभालीचा खर्च कोणीं व किती द्यावयाचा, हें आरंभींच कागदावर लिहून घ्यावें, आणि आपल्या सर्व मजकुराची एक प्रत सर्वमान्य स्वरूपांत स्वतःपाशीं ठेवावी. बांधणाऱ्यानें येणाऱ्या बदलाची वार्ता ग्राहकास आधीं सांगावी व चालत्या कामावर प्रयोग न करतां नव्या आवृत्तीची परीक्षा दुसऱ्या प्रतीवर घ्यावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां केवळ संकेतस्थळें बांधणार नाहीं, तर ज्यांवर तीं उभीं राहतात त्या आज्ञावलीही लिहील. त्या वेळीं जुनी आज्ञा खोडण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचारा, कीं हिच्यावर कोणाचें दुकान चाललें आहे? त्यास पुरेशी मुदत द्या, आणि जुन्यावरून नव्यावर येण्यास पूल बांधून द्या. त्या पुलास लागणारे श्रम हेंच सुधारणेचें खरें मोल आहे, आणि तें सुधारणा करणाऱ्यानेंच द्यावें हें न्यायाचें आहे.