देवाच्या नावावर आपली ड्यूटी

रविवारच्या मंदिर परेडला पंडितजी म्हणाले, "जग विसरतं, देव विसरत नाही." जवानांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मेसकडे परतताना मात्र ते वाक्य घशात अडकलं.

आदल्याच रात्री मी माझ्या पहिल्या ट्रूपच्या रिसालदार साहेबांना फोन केला होता. सहा वर्षांनी. अकादमीतून आलेल्या कोवळ्या लेफ्टनंटला टँकचा ट्रॅक कसा चढवायचा हे त्यांनीच स्वतःचे हात काळे करून शिकवलं होतं. आता ते साताऱ्याकडच्या गावी एकटेच असतात. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला त्या फोनवर कळलं.

"मला कळवलं का नाही, साहेब?"

"कुणाकुणाला कळवायचं, सर? देव आहे ना."

त्यांच्या तोंडी ती श्रद्धा होती. मला मात्र ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. माझं भांडण आहे ते या सुटकेशी.

विसरल्या गेलेल्या माणसानं देवावर भरवसा ठेवावा, यात कमीपणा नाही. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्यावरच्या जवानाकडे कुणी पाहत नसतं, तरी तो जागा असतो. शाबासकी मिळाली तरच जागा राहणार, अशा माणसाच्या भरवशावर पलटण झोपत नाही. देव पाहतो म्हणणारा माणूस असाच कडवट न होता उभा राहतो. पण हे वाक्य म्हणायचा हक्क त्याचा आहे. विसरणाऱ्यानं ते म्हटलं की ती पळवाट होते.

इथे आवडीच्या कारखान्यातून १९६५ साली पहिला विजयंता बाहेर पडला. त्याच साली सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे जवान मुरलीकांत पेटकर युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधे ४६ वर्षं गेली. ती त्यांनी कशाच्या आधारावर काढली, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. आपण ती कशात घालवली, हे मात्र विचारता येतं. जुने विजयंता आज चौथऱ्यांवर उभे आहेत, त्यांना वेळच्या वेळी रंग लागतो. लोखंडाची आठवण ठेवायला आपण चुकत नाही.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम. पण सरकार पेन्शनरला निदान वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागतं. कोरडेपणानं का होईना, "जिवंत आहात का?" एवढं विचारतं. आपण तेवढंही विचारत नाही. ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकतो, "माउली आहेत पाठीशी" लिहितो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो.

माउलींचं नाव घेणाऱ्यांनी नाथांची गोष्टही आठवावी. काशीची कावड रामेश्वराला निघाली होती. म्हणजे याच तामिळ मुलखात यायची होती. वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं. "रामेश्वर बघून घेईल त्याचं," असं म्हणून नाथ पुढे गेले नाहीत. देवासाठी आणलेलं पाणी त्यांनी गाढवाच्या तोंडात ओतलं. ही गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो आणि घरी येऊन फोन उलटा ठेवतो.

म्हणून एकटे पडलेल्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनो, तुमचा देवावरचा भरवसा ढळू देऊ नका. आम्ही विसरलो म्हणजे तोही विसरला, असा हिशेब मांडू नका. चूक आमची आहे, ती त्याच्या नावावर टाकू नका.

आणि सेवेत असलेल्यांनो, देव त्यांच्याकडे बघतोच आहे. प्रश्न आपल्या ड्यूटीचा आहे. माझ्या जुन्या ट्रूपच्या यादीत अकरा नावं निघाली. या आठवड्यात चौघांशी बोललो. एक नंबर बंद लागला. त्यांच्या गावात कुणाला विचारायचं, ते आता शोधतो आहे.