घर घ्यावे ते नव्या लागणीचे

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



आमचे काम उसाचे. बेणे, लागण नोंद, खताचे हप्ते आणि खोडवा यापलीकडे या पानावर आम्ही सहसा बोलत नाही. पण बिलाचे पैसे खात्यावर पडले की गट ऑफिसात एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, पोरगं रत्नागिरीला नोकरीला आहे. पालीत जुनं घर स्वस्तात मिळतंय, घेऊ का?"

विचारणाऱ्याचे चुकत नाही. आंबा घाट उतरून साखरपा, नाणीज मागे टाकले की मुंबई-गोवा महामार्गावर पाली लागते. तिथून रत्नागिरी जवळ आणि गावाकडे यायला रस्ता सरळ. तरीही आमचे उत्तर ठरलेले आहे. जुने नको. थोडे थांबा, थोडे जास्त घाला, पण नवे बांधलेले घर घ्या.

हे आम्ही पदरमोड करून शिकलो आहोत. आमची सासुरवाडी पालीची. काही वर्षांपूर्वी तिथे जांभ्या चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे जुने घर आम्ही घेतले. किंमत कमी, भिंती जाड, मागे दोन माड. आम्ही खूश! पहिल्याच पावसात घर तीन ठिकाणी गळले. माकडांनी कौले फोडली ती वेगळीच. दुसऱ्या वर्षी वासे उतरवले तर आतून वाळवीने पोकळ. वायरिंग जुने, अर्थिंगचा पत्ता नाही. तिसऱ्या वर्षी गणपतीला मुंबईहून मूळ मालकाचे चुलतभाऊ आले आणि म्हणाले, "आमची सही कुठाय?" जमीन सामाईक, वारस सात, आणि आमच्या कागदावर सह्या चौघांच्या. ते निस्तरेपर्यंत स्वस्ताई कुठल्या कुठे गेली. दोष दुसऱ्या कुणाचा नाही. सात-बारा नीट न वाचता आम्ही भिंतींच्या जाडीला भुललो.

उसातल्या माणसाला हे लवकर कळेल. पहिला खोडवा परवडतो, कारण बेण्याचा आणि नांगरटीचा खर्च वाचतो. पण चौथ्या खोडव्याला तुटाळ पडते, काणी आणि गवताळ वाढ दिसायला लागते. तेव्हा कितीही खत घाला, टनेज येत नाही. जुने घर बहुधा असाच खोडवा असतो. मागचा मालक तो मोडायच्या ऐवजी विकतो!

नव्या घराचे तसे नाही. पायातच वाळवीचे औषध मारून घेता येते. नळ, वीज, शोषखड्डा आजच्या गरजेप्रमाणे होतात. पहिली काही वर्षे दुरुस्तीची कटकट कमी. आणि मोठी गोष्ट म्हणजे कायद्याचा आधार. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू आहे. त्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कराराप्रमाणे ताबा दिला नाही तर व्याज मागता येते. आपले ऊस बिल १४ दिवसांत दिले नाही तर कारखान्याला १५ टक्के व्याज लागते, तसेच हे. जुन्या घराच्या मालकाकडे असे काही मागून बघा!

मात्र रंग नवा म्हणजे घर नवे असे समजू नका. जमीन बिनशेती आहे का, सात-बारावर कुणाकुणाची नावे आहेत, बांधकामाला परवानगी आहे का, हे आधी पाहा. रेरा क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर पोराकडून तपासून घ्या. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ पर्यंत घरांच्या छोट्या कामाला ही नोंदणी सक्तीची नाही. पाली-हातखंब्याकडे अशी छोटी कामेच जास्त दिसतील. तिथे वकिलाची फी वाचवू नका. दर नेहमी कार्पेट क्षेत्रावर ठरवा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी नाही, बांधकाम चालू असताना घेतले तर आहे, तोही हिशेब धरा. आणि घर बघायला जायचे ते जुलैत जा. कोकणातला पाऊस भिंतीची ओल लपवू देत नाही.

आता पैशाचे. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, उसाचे बिल दर महिन्याला येत नाही. म्हणून उसाचा पैसा सुरुवातीच्या भरण्याला घाला आणि हप्ता पोराच्या पगारातून जाऊ द्या. पगारात हप्ता बसत नसेल तर घर लहान घ्या, किंवा दोन वर्षे भाड्याने राहू द्या. सोसायटीच्या पीककर्जाला हात लावून घर घेऊ नका. तो पैसा पुढच्या लागणीचा आहे.

जमले तर घर सूनबाईच्या नावे करा. केवळ महिलेच्या नावे खरेदी झाली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आणि खरे सांगायचे तर घर सांभाळणार तीच.

बेणे घेताना आपण डोळा तपासतो, कांडी चिरून बघतो. आयुष्याची कमाई घालताना तेवढे तरी बघा. एवढेच आमचे सांगणे.