मायलोमा : मोजपट्टीलाच ध्येय मानू नका

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. त्यावरील नव्या औषधाची बातमी आपल्याकडे बहुधा एकाच वाक्यावर उभी असते : ‘इतक्या टक्के रुग्णांत रोगपेशी सापडल्या नाहीत.’ माझा आक्षेप या वाक्याच्या खरेपणाला नाही. तेच उपचाराचे ध्येय म्हणून मिरवले जाते, याला आहे.

लाख पेशींतून एक रोगपेशी हुडकणे हे मापनाचे मोठेच यश. १२ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने हा निकष त्वरित मान्यतेसाठी १२ विरुद्ध ० मतांनी उचलून धरला. कारणही रास्त : आयुर्मानाचा निकाल हाती येण्यास अनेक वर्षे लागतात. परंतु मापन सूक्ष्म झाले म्हणजे आपण योग्य तीच राशी मोजतो आहोत, असे सिद्ध होत नाही.

पुरावा पाहा. नव्याने निदान झालेल्या ४४५ रुग्णांच्या चाचणीत (२०१०) लेनालिडोमाइडसोबत डेक्सामेथासोन दर आवर्तनास ४८० मिलिग्रॅम द्यावे की १६०, हा प्रश्न होता. चार आवर्तनांत जास्त मात्रेला ७९ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, कमी मात्रेला ६८ टक्क्यांनी. वर्षअखेर हयात मात्र अनुक्रमे ८७ आणि ९६ टक्के! केवळ प्रतिसाद पाहणाऱ्याने घातक मात्रा निवडली असती. २०२२ च्या ‘डिटर्मिनेशन’ चाचणीत आरंभीच केलेल्या स्वमूलपेशी प्रत्यारोपणाने रोग मध्यमानाने ६७.५ महिने थोपवला, त्याविना ४६.२, चार वर्षांनी हयात रुग्णांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच.

भारतात हा वाद केवळ तात्त्विक नाही. बोर्टेझोमिब व लेनालिडोमाइड येथे जेनेरिक स्वरूपात मिळतात. डॅराटुमुमॅबचा भार मात्र कुटुंबे मोडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरील १२ टक्के जीएसटी शून्यावर आला, हे स्वागतार्ह. पण करमाफीने मूळ किंमत उतरत नाही. प्रत्यारोपणास अपात्र रुग्णांचे आयुष्य या औषधाने वाढते, हे ‘माया’ चाचणीने दाखवले आहे. तेथे ते रोग पुन्हा बळावेपर्यंत देत राहिले. ठरावीक मुदतीनंतर थांबवले तर? हा प्रश्न विक्रेता कशाला विचारील? तो सार्वजनिक निधीतूनच विचारला पाहिजे, आणि येथेच.

तोवर प्रत्येक बातमीला तीन प्रश्न करा : रुग्ण अधिक जगला का, बरा जगला का, आणि औषध पुरते घेऊ शकला का?